मूर्च्छना आणि मॉड्युलेशन: थोडी भर

काहीजण म्हणतात की मूर्च्छना (स्वर तेच ठेवून त्यातल्या दुसऱ्याच स्वराला सा मानणं) म्हणजेच पाश्चात्त्यांचं मॉड्युलेशन (गाणं चालू असतानाच एका सा वरून दुसऱ्या सा वर जाणं). अर्धंच पटलं.

भूप रागाचे पाच स्वर तेच ठेवून गंधाराला सा मानलं की मालकंस राग मिळतो, पंचमाला मानलं की दुर्गा. हार्मोनियमच्या सगळ्या पांढऱ्या पट्ट्या पांढरी दोनपासून (म्हणजे डी पासून) वाजवा, काफी थाट (सात स्वरांचा एक साचा) ऐकू येईल; पाश्चात्त्य संगीतात त्यालाच डोरियन मोड म्हणतात. इथे एकही स्वर बदलला नाही, फक्त घर, म्हणजे सा, बदललं.

मॉड्युलेशनमध्ये बहुधा निदान एक स्वर तरी बदलतो. पांढरी एकमधून पांढरी पाचमध्ये जायचंय, म्हणजे सी मेजरमधून (सी ला सा मानलेल्या शुद्ध स्वरांच्या सप्तकातून) जी मेजरमध्ये. ए मायनर कॉर्ड (ए-सी-ई हे एकत्र वाजणारे स्वर) दोन्हीकडचा, त्यामुळे तो वाजताना कानाला काही कळतच नाही. मग डी सेव्हन्थ कॉर्ड (डी-एफ शार्प-ए-सी) घ्या. त्यातला एफ शार्प, आपली काळी तीन, जुन्या सा चा तीव्र मध्यम. पण नव्या सा चा तो शुद्ध निषाद. तो वर जी कडे ओढतो, त्याच वेळी सी खाली बी वर उतरतो, आणि जी मेजर कॉर्ड लागला की नवा सा पक्का. हार्मोनियमवर करून बघाच, पण तानपुरा बंद ठेवून. तो जुना सा धरून बसतो आणि सगळी गंमत घालवतो!

सी मेजरमध्येच एफ मायनर कॉर्ड घेतला तर मात्र ते मॉड्युलेशन नाही. सा तोच, धैवत तेवढा क्षणभर कोमल, सी मायनरकडून (त्याच सा च्या, कोमल स्वरांच्या सप्तकाकडून) उसना आणलेला. चित्रपट संगीतात हे हमखास सापडतं.