मदत हवी आहे: बायपासनंतर लिथियमची गोळी कुटून दिली तर चालते का?

नमस्कार मंडळी. सांगलीत, विश्रामबागला राहतो. प्रश्न मोठ्या बहिणीचा आहे. ताईला बायपोलर (मूड कधी खूप चढतो, कधी खूप पडतो तो आजार) आहे, ९ वर्षं लिथियमवर व्यवस्थित होती. वजन ११८ किलो, त्यात शुगर, बीपी, थायरॉईड आणि गुडघे. ५ आठवड्यांपूर्वी पुण्यात गॅस्ट्रिक बायपास (वजन उतरवायचं पोटाचं ऑपरेशन) झालं. १४ किलो उतरलं, घरात सगळे खूश.

घरी सोडताना कागदावर लिहून दिलं होतं, 'सुरुवातीला गोळ्या बारीक करून किंवा सिरप'. आईनं ते अगदी मनावर घेतलं. अडकित्त्यानं गोळ्यांचे तुकडे, मग वेलदोडे कुटायच्या छोट्या खलात पूड, आणि ती पातळ ताकातून. लिथियम ४०० एसआर, थायरॉईड, लोह, कॅल्शियम, सगळं एकाच वाटीत! बीपी आहे म्हणून सूपही अळणी.

४ दिवसांपासून ताईचे हात थरथरतायत. थोडी थरथर आधीही असायची, पण परवा औषधाच्या ३० मिलीच्या टोपणानं पाणी पिताना निम्मं गाऊनवर सांडलं. काल दोन उलट्या, जुलाब, आणि बाथरूमला जाताना भिंत धरून चालली. मे महिन्यात आपल्याकडे काय होतं ते माहितीच आहे, आणि हिच्या पोटात दिवसाकाठी लिटरभर पाणीही जात नाही.

सर्जन म्हणाले, घाईनं प्यायलं की उलटी होते, बाकी गोळ्यांचं मानसोपचारवाल्यांना विचारा. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, पण नेमके आमचेच डॉक्टर सोमवारपर्यंत परगावी. त्यांच्या कंपाउंडरनं पुन्हा सर्जनकडे बोट दाखवलं. गोळी आपल्या मनानं बंद करायची भीती वाटते. एकदा तसं केलं होतं, तो महिना आम्ही विसरलेलो नाही. सोमवारपर्यंत थांबू का?

प्रतिसाद (सातारा, मेडिकलवाला): दादा, थांबू नका. आत्ताच्या आत्ता कुठल्याही चांगल्या कॅज्युअल्टीत न्या. थरथर, उलटी-जुलाब आणि झोक जाणं, ही लिथियम रक्तात वाढल्याची लक्षणं आहेत. पुढचा डोस द्यायच्या आधी तिथल्या डॉक्टरांशी बोला. रक्तातली लिथियम लेव्हल, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), सोडियम बघायला सांगा. शेवटचा डोस किती वाजता घेतला तेही सांगा, कारण लेव्हल एरवी १२ तासांनी बघतात.
एसआर गोळी सावकाश विरघळायला बनवलेली असते. कुटली की सगळं औषध एकदम सुटतं. त्यात पाणी कमी, मीठ कमी, म्हणजे किडनी लिथियम धरून ठेवते. बीपीच्या गोळीच्या पाकिटावर टेल्मिसार्टन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड आहे का बघा, दोन्हींनी लिथियम चढतं. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक तर नको म्हणजे नकोच, लिथियमलाही वाईट आणि बायपासच्या जोडालाही अल्सर.

प्रतिसाद (कराड): माझं उलटं झालं होतं. बायपासनंतर तिसऱ्या महिन्यात डिप्रेशनची जुनी गोळी पुरेनाशी झाली. अंगात लागतच नव्हती बहुतेक. मी मात्र स्वतःलाच दोष देत बसले. डॉक्टरांनी एक्सआर (तीही एसआरसारखी सावकाश सुटणारी) काढून साधी दिली, मग जमलं. ताईंना आधी न्या, बाकीचं नंतर बोलू.

धागाकर्ता: रात्रीच मिरजेला ॲडमिट केलं. लेव्हल १.८ आली. ताईची नेहमीची ०.७ असायची. सलाईन चालू आहे, लिथियम तूर्त थांबवलंय, बीपीची गोळीही. (पाकिटावर दोन्ही नावं होती.) पुन्हा सुरू करतील तेव्हा साधी गोळी, कमी डोस आणि दर आठवड्याला लेव्हल, असं ठरलंय. दोन्ही डॉक्टरांना एकाच फोनवर आणलं, ते आधीच करायला हवं होतं. आई खल घासत बसली होती, तिला काही बोललो नाही.

थायरॉईड पहाटे उपाशीपोटी, त्यानंतर ४ तास लोह-कॅल्शियम नाही, आणि ती दोनही वेगवेगळ्या वेळी, असं वेळापत्रक फ्रिजवर लावलंय. कॅल्शियम सायट्रेटच हवं म्हणतात. सांगली-मिरजेत पातळ औषधाच्या रूपात कुठे मिळेल?