अलाइनर लावले होते का कुणी? या, बत्तीशी उघडा

रानजाई
दिवाळीची आवराआवर चाललीये. आज कपाटाच्या खालच्या खणात, विजेच्या जुन्या बिलांखाली, एक निळी डबी सापडली. उघडली तर आत माझा अलाइनरचा ट्रे, म्हणजे दात सरळ करायला दातांवर चढवतात तो पारदर्शक प्लास्टिकचा साचा, काही दिवसांनी पुढच्या नंबरचा घालायचा असतो तो. वरचा, नंबर १४. हाच तो, ज्याच्यासाठी तीन वर्षांपूर्वी मी घर डोक्यावर घेतलं होतं! कचऱ्याची बादली उलटी केली होती, मुलांना रडवलं होतं आणि सासूबाईंना नको ते बोलले होते. "टिश्यूत गुंडाळून ठेवला होता, तुम्हीच टाकला असणार" वगैरे. आणि हा इथे.

तर ट्रे हातात आला आणि सगळं आठवलं. मी एकेचाळिसाव्या वर्षी अलाइनर लावले. खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले, वरचा डावा सुळा बाहेर. शाळेत असताना बाबा तारांची चौकशी करून आले होते, पण त्याच वर्षी दादाची फी होती, मग ते राहिलं ते राहिलंच. लग्नाच्या अख्ख्या अल्बममध्ये माझा एक दात दिसत नाही. लोकांना वाटतं नवरी लाजतेय.

आधी एक्स-रे दोन, एक समोरून गोल फिरणारा, एक बाजूने. मग तोंडात कॅमेऱ्याची कांडी फिरवून स्कॅन. त्यानंतर डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं की दात कसे सरकत जाणार. स्क्रीनवर ते अर्ध्या मिनिटात सरळ झाले. प्रत्यक्षात २१ महिने लागले. पहिले २८ संच, मग परत स्कॅन, आणखी १६. त्या दुसऱ्या फेरीबद्दल मला कुणी आधी नीट सांगितलं नव्हतं (सांगितलं असेल, मी आनंदात ऐकलं नसेल).

दुखतं का, हा पहिला प्रश्न असतो सगळ्यांचा. नवा ट्रे घातला की दोन-तीन दिवस दात आंबल्यासारखे होतात. पोळी चावताना नको वाटतं. वरणभात जिंदाबाद. पण खरं सांगू, दुखण्यापेक्षा वैताग जास्त. काढा, खा, घासा, घाला. काढा, खा, घासा, घाला.

तुमचे अनुभव लिहा. आईंना अजून सांगितलेलं नाही डबी सापडल्याचं. हिंमत गोळा करतेय.

लिमलेट
पहिली! कुकर लावलाय, शिट्ट्या झाल्या की वाचते.

अर्धा_कप
चहा. मला फक्त चहाबद्दल बोलायचं आहे.
दिवसाला ६ कप पिणारा माणूस मी. २४ तासांतले २२ तास ट्रे तोंडात हवा म्हणजे जेवण, नाश्ता, ब्रश, सगळं मिळून २ तास. त्यात चहा कुठे बसवणार? ट्रे घालून फक्त पाणी, तेही गार किंवा कोमट. गरम पाण्यानं प्लास्टिक वाकडं होतं. ऑफिसखालच्या टपरीवर एकदा 'एकच कटिंग, कोण बघतंय' म्हणून ट्रेसकट मारला. संध्याकाळी आरशात बघितलं तर ट्रे असा काही पिवळट, जणू पन्नास वर्षं विडी ओढतोय. आणि चहा आत दातांना चिकटून बसतो तो वेगळाच, साखरेसकट.
शेवटी दोन कपांवर आलो. वजन ४ किलो उतरलं. बायको म्हणते ट्रे चालू ठेव.

रानजाई
@अर्धा_कप हे वजनाचं खरंय. येता-जाता चिवड्याची मूठ मारायची सवय माझी आपोआप गेली. एका मुठीसाठी कोण ब्रश करणार!

तिरफळ
मी शाळेत मराठी शिकवते. पहिल्या दिवशी वर्गात 'सुसंस्कृत' म्हणायला गेले आणि 'थुथंथ्कृत' असं काहीतरी बाहेर पडलं. मागच्या बाकावर हशा. मी पण हसले, काय करणार. घरी येऊन "चटईला टाचणी टोचली" शंभर वेळा म्हटलं, शिवाय धडे मोठ्यानं वाचायचे. सहा-सात दिवसांत जीभ रुळली. 'च' आणि 'ज' सर्वात शेवटी आले. मुलांनी मात्र वर्ष संपेपर्यंत सोडलं नाही, फळ्यावर टाचणीचं चित्र काढून ठेवायची कार्टी.

लिमलेट
हहपुवा (हसून हसून पुरेवाट) @तिरफळ, थुथंथ्कृत!!

दंतकथा
पेशानं ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात सरळ करणारा डॉक्टर. दोन पेशंटच्या मध्ये लिहितोय, तुटक असेल तर सांभाळून घ्या.
२२ तास का? एका ट्रेमध्ये दात साधारण पाव मिलीमीटर सरकवायचा असतो. दात हाडात रुतलेला. ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड विरघळतं, मागच्या बाजूला नवं भरतं. हे काम सतत दाब असेल तरच होतं. दिवसभर काढून ठेवला आणि रात्री घातला तर दात थोडा पुढे, थोडा मागे, नुसता हलत राहतो. मग पाचव्या-सहाव्या ट्रेला पेशंट म्हणतो, "डॉक्टर, बसतच नाहीये." बसणार कसा, दात अजून तिसऱ्या ट्रेवर आहेत.
आणि रानजाई, दुसरी फेरी बहुतेकांना लागते. स्क्रीनवरचं ते चित्र हा बेत असतो. दात काही ते चित्र बघून सरकत नाहीत.

मधली_सुटी
सर तुम्ही बोलता छान पण तुमच्यासारखे लोक ट्रे घालून कधी लग्नात जेवले आहेत का :)
पुतणीच्या लग्नात टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवला. गप्पांत उठलो. हात धुताना लक्षात आलं. परत गेलो तर ताट गायब. केटरिंगच्या पोरांनी तीन मोठी पिंपं दाखवली, "यातल्या कुठल्यातरी एकात असेल काका." नवा सूट घालून मी मठ्ठा आणि जिलबीच्या उष्ट्यात कोपरापर्यंत हात घालून. व्हिडिओवाला पण आला तेवढ्यात. तो भाग फायनल कॅसेटमध्ये आहे.

रानजाई
मिळाला का पण??

मधली_सुटी
मिळाला. घातला नाही. डॉक्टरांनी सरळ पुढचा नंबर सुरू करायला सांगितला, कारण तो ट्रे संपायला दोनच दिवस होते. तुझं काय केलं होतं १४ चं?

रानजाई
माझा तिसऱ्याच दिवशी हरवला होता. १३ परत घालायला सांगितला, नवा १४ बनवून येईपर्यंत. म्हणून मागचा ट्रे कधी फेकायचा नाही मंडळी. मी धुऊन पिशवीत ठेवायचे.

जाड_भिंगं
कॅसेट कुठली काका, कोणत्या सालात लग्न झालं

मधली_सुटी
पेनड्राइव्ह रे. सवयीनं कॅसेट म्हणतो.

गोदाकाठ
हळदीवर कुणीच बोललं नाही अजून? ट्रे काढूनच जेवायचं, ते ठीक. पण दातांवर ते जे बारीक पांढरे उंचवटे चिकटवतात ना, अटॅचमेंट, ते आपल्या जेवणानं पिवळे पडतात. माझे पुढच्या चार दातांवर होते. श्रावणात लोकांकडे जेवायला जाऊन जाऊन महिनाभरात असे झाले की भाचा म्हणाला, मावशी तुझ्या दातात मक्याचे दाणे अडकलेत. ट्रे दिसत नाही म्हणून अलाइनर घेतले आणि दाणे दिसतायत!
शिवाय ट्रे काढताना त्या उंचवट्यांवरच अडतो. पहिल्या आठवड्यात दोन नखं तुटली. मग क्लिनिकमधून प्लास्टिकचा छोटा आकडा दिला, तो पर्समध्ये, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, गाडीत, सगळीकडे ठेवला.

दुपारची_झोप
माझ्या आजीची कवळी रात्री स्टीलच्या वाटीत असायची, पाण्यात. मी लहानपणी एकदा अंधारात ते पाणी प्यायले होते.

लिमलेट
ईईईई

अर्धा_कप
@दुपारची_झोप जेवणाच्या वेळेला हे लिहायची गरज होती का बाई

दुपारची_झोप
अहो आठवण आली म्हणून! आजी नंतर कितीतरी दिवस मला बघितलं की ओठ मिटून हसायची. छान होती खूप.
मूळ मुद्दा: माझे ट्रे पण त्याच वाटीत ठेवते आता. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी विचारलं, "ताई, इतक्या लवकर कवळी?"

कोकणकडा
सगळं गोड गोड चाललंय म्हणून एक कडू लिहितो. मी स्वस्तात करायला गेलो. घरी किट येतं, आपणच माप घ्यायचं, आपणच पाठवायचं, ट्रे कुरिअरनं. ना एक्स-रे, ना कुणी तोंडात बघितलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढचे दात सरळ झाले, फोटोत एकदम झकास. पण आठ महिन्यांनी लक्षात आलं की मागच्या दाढा टेकतच नाहीत. शेंगदाणा दाढेखाली नुसता फिरतो, फुटत नाही. फोन केला की "तुमची तक्रार नोंदवली आहे". शेवटी खऱ्या ऑर्थोकडे गेलो, तारा लावल्या, परत दीड वर्ष. वाचवलेले पैसे दुप्पट होऊन गेले.

दंतकथा
@कोकणकडा वाईट झालं. दाढा थोड्या न टेकणं अलाइनरमध्ये कधी कधी होतं, दोन जबड्यांमध्ये प्लास्टिकचा थर दिवसभर असतो ना. पण तपासणी चालू असेल तर वेळेत पकडता येतं. हिरड्यांचा आजार असताना, हाड न बघता दात सरकवणं हे त्याहून धोक्याचं. दात हलायला लागतात, कायमचे.

जाड_भिंगं
खर्च किती येतो कुणी सांगेल का? नक्की आकडा

रानजाई
मला १ लाख ७० हजार, पुण्यात, हप्त्यांनी. दुसऱ्या फेरीचे वेगळे घेतले नाहीत. हे आधी विचारून घ्या आणि लेखी घ्या.

गोदाकाठ
९५ हजार. नाशिक. माझं काम कमी होतं.

मधली_सुटी
विचारू नका. त्यात सूटची ड्रायक्लीनिंग धरा.

पावसाळी_ढग
इथे इंग्लंडात, लेस्टरला, मुलीला एनएचएसमधून (इथली सरकारी आरोग्यसेवा) तारा मिळाल्या, फुकट, कारण ती अठराच्या आत आणि दातांची अडचण त्यांच्या मोजपट्टीत बसली. मोठ्यांना सहसा खिशातूनच. म्हणून मी सुट्टीत मुंबईला येऊन अलाइनर करायचा बेत केला होता. करू नका. ट्रे बॅगेत भरून आणता येतात हो, पण सहाव्या ट्रेला एक अटॅचमेंट निखळली आणि इथला कुणी दुसऱ्याच्या केसला हात लावेना.

सोनकी
धागा बघून आले. मुलगा १३ वर्षांचा, अलाइनरच हवेत म्हणतो, तारा नकोत. वरचा एक सुळा अजून आलेलाच नाही. काय करू? पोरगा डबा, बाटली, छत्री, सगळं हरवतो.

दंतकथा
@सोनकी न बघता सांगणार नाही. पण न आलेला सुळा ओढून आणायचा असेल तर बहुधा तारांचं काम लागतं. आणि छत्री हरवणाऱ्या मुलाला तारा बऱ्या. तोंडातच असतात.

सोनकी
हे मी प्रिंट काढून फ्रिजवर लावते.

तिरफळ
दात घासण्याबद्दल विचारायचं राहिलं. ब्रश नव्हे, ते दोन दातांच्या मधून पट्टी फिरवून घासतात ते. मला आधी माहीतच नव्हतं. खुर्चीत बसले आणि करवतीसारखा आवाज. दुखलं काहीच नाही पण मी खुर्चीचा हात असा धरला होता की डॉक्टर म्हणाले, "मॅडम, खुर्ची माझी आहे."

दंतकथा
दाटी असेल तर जागा करायला करतो. दोन दातांच्या मध्ये ०.२ ते ०.५ मिमी. दुखत नाही कारण दाताच्या त्या वरच्या थरात नसच नसते. आवाजाला इलाज नाही.

बटाटेभात
आमच्या कुत्र्यानं ट्रे नं. ९ खाल्ला. पूर्ण. एवढंच.

लिमलेट
कुत्र्याचे दात सरळ झाले का :D

बटाटेभात
त्याचे आधीपासूनच सरळ आहेत, तेच तर दुःख आहे.

लिमलेट
आता माझं. कुकर उतरला, पोरं झोपली.
माझे अलाइनर चार वर्षांपूर्वी संपले. सगळे 'संपले' म्हणतात ना, तिथेच फसतात. नंतर रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात परत सरकू नयेत म्हणून घालायचा ट्रे. पहिले सहा महिने दिवसरात्र, मग रोज रात्री. कधीपर्यंत विचारलं तर डॉक्टर म्हणाल्या, दात सरळ हवे आहेत तोपर्यंत. मी नियमाने घालत होते. मग दुसऱ्या वेळी दिवस राहिले, पहिले तीन महिने तोंडात काहीही घातलं की उलटी. रिटेनर डबीत. नंतर बाळ, रात्रीची जागरणं, कोण आठवतंय. वर्षभरानं घालून बघितला तर अर्ध्यावरच अडकला. खालचा एक दात परत आडवा व्हायला लागला आहे, जिभेला रोज लागतो. नवरा म्हणतो कुणाला दिसत नाही. मला कळतं ना.
परत जायचं आहे. आता खालच्या दातांना आतून कायमची बारीक तार चिकटवून घेणार, तिचा तरी विसर पडणार नाही.

गोदाकाठ
अगं लिमलेट, जा लवकर. एकच दात असेल तर थोडक्यात होईल. बाळ किती महिन्यांचं?

लिमलेट
सोळा. त्याचे दात येतायत आणि माझे चाललेत इकडे तिकडे.

दुपारची_झोप
दात येताना गाजराचा लांब तुकडा फ्रिजमध्ये गार करून दे हातात, आमच्या दोघांना तेच केलं.

दंतकथा
गाजर नको हं, तुकडा मोडून घशात अडकतो. रबराचं गार केलेलं खेळणं द्या.

दुपारची_झोप
बरं. आमचे दोघे वाचले म्हणायचे.

अर्धा_कप
रानजाई, कबुलीजबाबाचं काय झालं? वाट बघतोय सगळे.

रानजाई
सांगते. आत्ताच झालं. चकलीची भाजणी मळत होत्या. डबी पुढे ठेवली, म्हटलं आई, हा सापडला, मी उगाच तुम्हाला बोलले. तर डबीकडे बघून म्हणाल्या, "हो, तो मीच ठेवला होता. ओट्यावर टिश्यूत पडला होता, कुणी टाकेल म्हणून डबीत घालून खणात ठेवला."
मी म्हटलं, अहो मग मी एवढं घर शोधत होते तेव्हा बोलला का नाहीत?
"तू विचारलंस, तुम्ही टाकला का. मी टाकला नव्हता."
आणि परत भाजणी मळायला लागल्या.