शब्दचर्चा: गाठ न मारता टाका पक्का करणाऱ्या साधनाला मराठीत काय म्हणावे?

सुईदोरा (पणजी): भाचा बायोमेडिकल शिकतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनात टाक्याचा दोरा गाठीशिवाय पक्का करणारे छोटे साधन, असा त्याचा प्रकल्प आहे. विज्ञान प्रदर्शनात मराठी फलक लावायचा म्हणून त्याने ‘सीवन सुरक्षा उपकरण’ असे लिहून आणले. वाचून वाटते, शिलाई मशीनला कुलूप लावायचे आहे! ‘गाठ’ शब्द ठेवावा की टाळावा?

शब्दवेडा: ‘टाकाग्रंथक’ कसे वाटते? सुश्रुताने शिवण्याचे चार प्रकार दिले आहेत: वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथी. म्हणजे ‘ग्रंथी’ला शस्त्रक्रियेतलीच परंपरा आहे.

कात्री_चिमटा (मडगाव): मी सर्जन आहे. आमच्या थिएटरात ‘नॉट मार’ आणि ‘क्लिप लाव’ एवढीच मराठी चालते. ‘ग्रंथक’ ऐकून सिस्टर थायरॉइडचा ट्रे पुढे करेल.

नावाआधी अडचण काय ते बघा. उघड्या पोटात बोटाने गाठ खाली सारता येते, दोरा किती ताणला ते हाताला कळते. दुर्बिणीतून करताना लांब दांड्याची हत्यारे पोटाच्या भोकात टेकून फिरतात, त्यामुळे हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जाते. पडद्यावर खोली नीट कळत नाही आणि ताणाचा अंदाज बराचसा डोळ्यांनीच घ्यायचा. त्यात दोरा एकतंतू, म्हणजे गुळगुळीत आणि वळण न सोडणारा. पहिला वेढा घालून दुसरा घालेपर्यंत पहिला सैल पडतो. सुईपकडीने दोराच चिमटला तर तो तिथे दुबळा होतो, पुढे तिथूनच तुटतो.

मांडवीकाठ: निरगाठ आणि सुरगाठ हा आपला जुना भेद इथे लागू पडेल का?

कात्री_चिमटा (मडगाव): निरगाठ चपखल. सुरगाठ नको, ती ओढली की सुटते. आम्हाला कधी कधी सरकवून घट्ट होणारी गाठ लागते, तिला ‘सरकफास’ म्हणा. रोडरची गाठ त्याच जातीची. बाहेर बांधायची आणि लांब दांडीने आत ढकलायची. कुर्ट सेम यांनी ती दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत रुळवली. 1980 साली दुर्बिणीतून पहिले अपेंडिक्स काढले तेच हे सेम. पण भाच्याच्या साधनात गाठ मुळी नाहीच ना? मग नावात ती कशाला?

कुळागर (सावईवेरे): पावसात गरी घालायला जाणाऱ्यांना विचारा. दोरीवर शिशाचा मणी चढवतात आणि दाबून बसवतात. गाठ नाही, काही नाही, मणी जागचा हलत नाही. ‘मणी’च म्हणा की.

शब्दवेडा: गंमत म्हणजे शस्त्रक्रियेतही हेच होऊन गेले आहे. 19व्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत जे. मॅरियन सिम्स चांदीच्या तारेचे टाके घालून टोकाला भोक पाडलेला शिशाचा छर्रा दाबून बसवत. (हे प्रयोग त्यांनी गुलाम स्त्रियांवर, भूल न देता केले, हेही त्याच इतिहासात येते.) आणि सुश्रुताकडे तर आतड्याच्या जखमेला काळे मुंगळे चाववून त्यांची डोकी तिथेच ठेवायला सांगितले आहे. दोराही नाही, गाठही नाही!

कात्री_चिमटा (मडगाव): मुंगळा म्हणजे आजची क्लिप. ‘चाप’ हा शब्द तिच्यासाठीच आहे. मूत्रपिंडातली गाठ (ही रोगाची) काढताना रक्तवाहिनी चिमटून ठेवतो. रक्त बंद ठेवायची मुदत थोडी, साधारण अर्ध्या तासाच्या आत उरकायचे. तेव्हा कापलेल्या कडा शिवून दोऱ्यावर प्लास्टिकचा चाप लावतो आणि तो सरकवत मूत्रपिंडाच्या पृष्ठभागापर्यंत आणतो. हवा तेवढा ताण आला की थांबायचे. गाठ बांधत बसलो तर मिनिटे जातात आणि दोरा मऊ ऊतक कापत आत शिरतो, तिथे चापाचा रुंद तळवा भार पसरवतो.

सुईदोरा (पणजी): भाच्याच्या साधनात चाप नाही. बारीक नळी आहे, दोरा तिच्यातून ओवायचा आणि वरून बूच दाबले की दोरा मध्ये आवळला जातो.

कात्री_चिमटा (मडगाव): लवचिक एन्डोस्कोपमधून टाके घालतात तिथे अशीच रचना आहे. एका टोकाला सुईचा तुकडाच आडवा होऊन अडकतो, दुसऱ्या टोकाला नळी आणि बूच. त्याला विचारा: 5 मिमीच्या वाटेने आत जाते का? एका हाताने चालते का? बूच बसताना दोरा कापला जातो का? निसटून आतड्यांमध्ये पडले तर एक्स-रेत दिसेल का? आणि ताण कमी पडला तर परत सैल करता येते का? शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. बसले की बसले, मग दोरा कापून पुन्हा पहिल्यापासून.

मांडवीकाठ: मग ‘अडकण’ घ्या. दाराला लावतो तीच. काम अडवून धरायचे, गाठीचा संबंध नाही. ‘टाक्याची अडकण’. चाप, मणी, नळी-बूच हे तिचे प्रकार.

शब्दवेडा: ‘अडकण’ थोडी घरगुती वाटते. फलकावर ‘दोरारोधक’?

कुळागर (सावईवेरे): दोरारोधक म्हणजे दोरा येऊच देत नाही असे वाटते. अडकण बरी. आणि ते दातेरी दोरे असतात, एकाच दिशेने सरकणारे, त्यांना अडकण लागतच नाही ना?

कात्री_चिमटा (मडगाव): बहुतेकदा नाही, ते स्वतःच धरून राहतात. फक्त ‘काटेरी’ म्हणू नका, पेशंट घाबरतात. तसेही बाहेर पाटीवर ‘बिनटाक्याचे ऑपरेशन’ लिहिलेले वाचून येतात आणि आत टाके आहेत म्हटल्यावर भांडतात.

सुईदोरा (पणजी): ‘टाक्याची अडकण’ लिहून दिले. भाचा विचारतो, अनेकवचन ‘अडकणी’ की ‘अडकणे’?

शब्दवेडा: ती अडकण, त्या अडकणी.