कुंडीतली पिवळी पानं आणि मे महिन्यातला पाऊस

मोगऱ्याची पानं पिवळी पडतायत, खत घालू का, असं वर विचारलंय. ताई, आत्ता खत नकोच. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, त्यानंही पानं पिवळी पडतात. आधी कुंडीची भोकं मोकळी करा, कुंडी विटांवर उचलून ठेवा. आमच्या ठाण्यात वळवाच्या सरी नेहमीच्याच, पण 2025 साली 26 मेलाच मान्सून मुंबईत पोचला. गच्चीवरच्या कुरडया उचलायची केवढी धावपळ! बाकी कामं राहू देत, कुंड्यांखालच्या ताटल्या मात्र दर आठवड्याला रिकाम्या करून घासा. डेंग्यूचा डास तेवढ्याशा पाण्यातही आठ-दहा दिवसांत तयार होतो. आणि वडीचं अळू लावाच, त्याला ओली माती छान मानवते.