खान्देशातला पाऊस आणि वादळं पुढे कशी बदलतील? प्रबंधासाठी डेटा आणि दिशा सुचवा

तापीकाठ_रावेर
नमस्कार मंडळी. भूगोलात एमए करतेय, घर रावेर तालुक्यात, केळीचं. हवामान तापत गेलं तर आपल्याकडचा पाऊस आणि मे-जूनमधली वादळं कशी बदलतील, यावर प्रबंध करायचा आहे. मृगबाग ऐन घडावर असताना वादळ आलं की खोडं मधूनच मोडतात, वर्षाचं पीक एका संध्याकाळी आडवं होतं. म्हणून विषय सोडायचा नाहीये. पण डेटा कुठला घेऊ? एका वर्षात किती झेपेल? पायथन जुजबी येतं.

मेघमाला
ताई, आधी पाऊस आणि वारा वेगळे करा. दोन्ही एकत्र घेतलंत तर वर्ष पुरणार नाही.

पावसाचा पाया पक्का आहे. हवा 1 अंशाने तापली की तिच्यात साधारण 7 टक्के जास्त बाष्प मावतं, त्यामुळे मोसमाची बेरीज तीच राहिली तरी कमी दिवसांत जोरात कोसळू शकतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकारी यांचा 2017 चा पेपर आधी वाचा. मध्य भारतात 1950 ते 2015 या काळात मोठ्या भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं त्यांनी दाखवलंय. मात्र तो आकडा उचलून जळगाव-धुळ्याला चिकटवू नका. आपलं तुम्हालाच मोजायचंय.

त्यासाठी हवामान खात्याचा दैनिक पावसाचा ग्रिड डेटा घ्या, म्हणजे नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकाला दिलेला रोजचा पाऊस. 1901 पासूनचा आहे, मोफत मिळतो, एक चौकोन अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाचा. तो वाचायला पायथनमधलं आयएमडीलिब हे पॅकेज वापरा. -999 म्हणजे नोंद नाही, ते आकडे आधी काढून टाका. आणि 64.5 मिमीची जोरदार पावसाची मर्यादा चौकोनाला जशीच्या तशी लावू नका. ती एका केंद्राच्या नोंदीसाठी आहे. चौकोनाचा आकडा सरासरीचा, त्यात ढगफुटी विरघळून जाते. त्यापेक्षा प्रत्येक चौकोनाचा स्वतःचा 99 वा शतमक धरा, म्हणजे जिच्याहून जास्त पाऊस शंभरात एखाद्याच दिवशी पडतो ती मर्यादा. अक्राणीचा डोंगर आणि शिंदखेड्याचं माळरान एका मापाने मोजता येत नाही.

गिरणाकाठ
चाळीसगावचा 31 ऑगस्ट 2021 चा पूर तपासणीला घ्या, तितूर आणि डोंगरी नद्यांचा. ग्रिडमध्ये त्या दिवशी काय दिसतं ते बघा. एक लक्षात ठेवा, खात्याची नोंद सकाळी साडेआठ ते साडेआठ अशी असते. 30 च्या रात्री पडलेला पाऊस 31 तारखेच्या नावावर जातो. तारखा जुळवताना बरेच जण इथेच अडकतात.

तापीकाठ_रावेर
हे फार कामाचं आहे, धन्यवाद दादा. पण वाऱ्याचं काय? माझा जीव त्यातच आहे.

मेघमाला
तेच अवघड. वळवाच्या वादळातला झोत काही किलोमीटर रुंदीचा, तर ईआरए5 चा, म्हणजे जुन्या नोंदी आणि मॉडेल जुळवून बनवलेल्या जागतिक हवामान डेटाचा, चौकोन सुमारे 31 किमीचा. त्यातला वाऱ्याचा वेग बघून निष्कर्ष काढला तर प्रबंध फसेल. भविष्यातल्या हवामानाचा अंदाज देणारी सीएमआयपी6 ची जागतिक मॉडेलं त्याहूनही जाडीभरडी, बरीचशी 100 किमीच्या घरातली. म्हणून खुद्द वादळ मोजण्याऐवजी वादळाला पोषक परिस्थिती मोजा: बाष्प, वर चढणाऱ्या हवेला मिळणारी ऊर्जा म्हणजे केप, आणि उंचीनुसार बदलणारा वारा. ईआरए5 मध्ये हे 1940 पासून तासातासाचं मिळतं. सुरुवात 1979 नंतरच्या वर्षांपासून करा, उपग्रहांमुळे ती जास्त भरवशाची आहेत. तापमान वाढलं की ऊर्जा वाढते, पण हवेला वर जाऊ न देणारा थरही घट्ट होऊ शकतो. मग वादळं कमी, पण उठली तर जबर, असंही घडू शकतं. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हाच असावा.

चोपडेकर_कृषी
मी एक भर घालतो. ज्या दिवशी खरोखर बागा पडल्या त्या तारखा काढा. तहसीलमध्ये नुकसानीचे पंचनामे असतात, माहिती अधिकारात मागा, गाव आणि तारीख एवढंच पुरे. त्या दिवशी ईआरए5 मध्ये केप किती होतं ते बघा, आणि त्याच आठवड्यातल्या शांत दिवसांशी ताडून पाहा. पण पंचनामे वाढले म्हणजे वादळं वाढली असं लिहू नका, ताई. केळीचं क्षेत्र वाढलं की नुकसानही वाढतं. हेक्टरी हिशोब करा.

तापीकाठ_रावेर
क्षेत्राचा मुद्दा सुचलाच नव्हता! रावेर, यावल, चोपडा एवढेच तालुके आणि फक्त मे-जून धरते. सोमवारी तहसीलला अर्ज देते. दादा, अर्जात किती वर्षांचं मागू?

चोपडेकर_कृषी
दहा वर्षांचं मागा, आणि तालुक्यागणिक वेगळा अर्ज करा. एकत्र दिला की तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.