मदत हवी आहे : घोडीच्या खुराला मुलतानी मातीचा लेप

नमस्कार. महालक्ष्मीजवळच्या तबेल्यात आमची बारा वर्षांची घोडी आहे. यंदाच्या पावसात तिच्या पायाखालचा भुसा कोरडा राहिला नाही आणि मागच्या उजव्या खुराच्या तळव्यातील मऊ त्रिकोणी भागालगतच्या खाचेतून काळा, कुजकट वासाचा स्राव येऊ लागला. खूर साफ करताना ती पाय झटकन ओढून घेते, ते पाहवत नाही. नालबंदांनी मुलतानी मातीचा लेप सुचवला आहे. माती ओल शोषते हे खरे, परंतु हा संसर्ग हवा न लागणाऱ्या जागीच वाढतो, त्यामुळे खाच मातीने बुजल्यास तो आत दडपून राहील, अशी मला धास्ती वाटते. पशुवैद्य शुक्रवारी येतील. तोवर लेप लावावा की खाच उघडी ठेवावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.