मदत हवी आहे : कडाक्याच्या थंडीत गॅरेजमधील गॅस फर्नेस वीस मिनिटांत बंद पडते

नमस्कार. आम्ही मिनिआपोलिसजवळ राहतो. घरापासून सुटे असलेले गॅरेज मी सुतारकामासाठी वापरतो आणि आधीच्या मालकाने तेथे नैसर्गिक वायूवर चालणारी, घरातून काढलेली जुनी फर्नेस (गरम हवा सोडणारी भट्टी) बसवलेली आहे. ती कंडेन्सिंग प्रकारची, म्हणजे धुरातील वाफेचे पाणी करून तिचीही उष्णता वापरणारी, ९० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेची आहे. मी ती फक्त शनिवारी चालवतो. एरवी गॅरेज थंडगार असते.

बाहेर उणे ५ अंश असताना काहीच तक्रार नसते. पारा उणे २० च्या खाली गेला की मात्र ती व्यवस्थित पेटते, पंधरा-वीस मिनिटे उत्तम ऊब देते आणि विझते. त्यानंतर धूर बाहेर ओढणारा इन्ड्यूसर पंखा फिरत राहतो, पण वायू पेटवणारा इग्नायटर लाल होत नाही आणि कंट्रोल बोर्डावरचा दिवा तीनदा लुकलुकतो. दाराच्या आतील तक्त्यानुसार याचा अर्थ धुराच्या मार्गातील दाबावर चालणारा प्रेशर स्विच बंद होत नाही. (येथे ‘बंद होणे’ म्हणजे सर्किट जुळणे, मराठीत नेमका उलटा अर्थ निघतो, म्हणून खुलासा.)

सगळे सांगतात म्हणून मी आधी ज्योत पेटली की नाही हे ओळखणारा फ्लेम सेन्सर घासून स्वच्छ केला. इग्नायटरच तापत नसेल तर ज्योतीपर्यंत गोष्ट पोहोचतच नाही, हे नंतर लक्षात आले. धूर बाहेर नेणारा पीव्हीसी पाइप मोकळा आहे. प्रेशर स्विचची रबरी नळी काढली तेव्हा मात्र तिच्यातून पाणी ठिबकले, आणि धुरातून सुटलेल्या पाण्याच्या निचऱ्याची नळी सोडवताच कपभर पाणी बाहेर येऊन फर्नेस लगेच सुरू झाली. ही नळी भिंतीतून थेट बाहेर उघडते. तेथे पाणी गोठून मागे तुंबत असावे, असा माझा संशय आहे. तो बरोबर आहे का? शेजाऱ्यांनी स्विचच्या दोन वायरी जोडून टाकण्याचा सल्ला दिला होता. पण धूर बाहेर जातो आहे की नाही याची राखण तोच स्विच करतो, तेव्हा कार्बन मोनॉक्साइडशी खेळण्याची माझी तयारी नाही.

प्रतिसाद
संशय रास्त वाटतो. एक शनिवार निचऱ्याची नळी आतच बादलीत सोडून पाहा. ट्रॅप (पाणी धरून धूर अडवणारा, निचऱ्याच्या वाटेवरचा भाग) मात्र जागेवरच राहू द्या. दिवसभर फर्नेस चालली तर निदान पक्के. बाहेरील नळीला विजेवर तापणारी हीट केबल गुंडाळली, तरी रात्री गॅरेज गोठले की ट्रॅपमधील पाणी गोठणारच आणि प्लास्टिक तडकू शकेल. शिवाय परतीची हवा, म्हणजे गॅरेजमधून फर्नेसमध्ये शिरणारी हवा, इतकी थंड असली की धुराची उष्णता हवेला देणाऱ्या मुख्य हीट एक्स्चेंजरमध्येही पाणी सुटते. तो त्यासाठी बनवलेला नसतो आणि आतून गंजतो. म्हणूनच निर्माते परतीच्या हवेला किमान तापमानाची अट घालतात. माझ्या मते अशा जागी छताला टांगायचा, नॉन-कंडेन्सिंग युनिट हीटरच योग्य.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. काल उणे २३ अंशांत बादली लावून सात तास फर्नेस चालवली, एकदाही अडली नाही. युनिट हीटर पुढच्या हिवाळ्याआधी बसवीन. तोवर दर शनिवारी रात्री ट्रॅप रिकामा करण्यासाठी तो पूर्ण उतरवावा लागेल, की खालचे झाकण उघडले तरी पुरेल?